अर्धांगवायूच्या ज्ञानाचा इतिहास

ता. ११ मे १८८८ रोजीं मुंबईंत मांडवीच्या कोळीवाड्यांत मोठी सभा भरली होती. चाळीस वर्षें शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठीं झिजलेल्या जोतीराव फुल्यांना लोकांनीं त्या सभेंत ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. जोतीराव त्या वेळीं एकसष्ट वर्षांचे होते. या समारंभास पुरते तीन महिनेही लोटले नव्हते, तोंच जुलै महिन्यांत त्यांस अर्धांगवायूचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हातानें ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ हे ग्रंथ लिहिले, त्या हाताला लेखणी धरवेना.

पुण्याचे नामांकित डॉक्टर विश्राम रामजी घोले हे जोतीरावांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजांतील सहकारी. पुण्यांतील घोले रस्ता त्यांच्याच नांवाचा. त्यांनीं मनापासून उपचार केले. जोतीराव कांहींसे सावरले. आणि उजवा हात चालत नाहीं हें पाहून त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्यास आरंभ केला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांचा अखेरचा ग्रंथ अशा रीतीनें सिद्ध झाला. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीरावांचें निधन झालें आणि ग्रंथ त्यांच्या मागें, १८९१ सालीं, प्रसिद्ध झाला.

श्रोतेहो, जोतीरावांच्या या धैर्याची कथा आपण ऐकलेली असते. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, अशा माझ्यासारख्या शाळामास्तराच्या मनांत तीच कथा ऐकतांना दुसरा एक प्रश्न उभा राहतो. १८८८ सालीं डॉ. घोल्यांसारख्या विद्वान वैद्याजवळ या रोगावर काय होतें, आणि काय नव्हतें? वैद्यकाचें शिक्षण मला नाहीं. मॅट्रिक झालेला मी साधा शिक्षक. पण एखादी गोष्ट मनुष्यजातीस केव्हां व कशी कळली, हें तपासणें इतिहासाच्या कक्षेंत येतें, आणि अर्धांगवायूच्या बाबतींत हा इतिहास जितका मनोरंजक तितकाच प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें म्हणत, ‘अमक्याच्या अंगावरून वारें गेलें.’ अर्धांगवायू या शब्दांतही वायूच आहे. ग्रीक लोकांनीं या रोगाला जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘प्रहार करून खालीं पाडणें’ असा होता, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी भाषेंत या रोगाला ईश्वराच्या हातचा फटका म्हणूं लागले. त्यांतील ‘फटका’ या अर्थाचा ‘स्ट्रोक’ हा शब्द आज सर्वतोमुखीं झाला आहे. हे तीनही शब्द निरनिराळ्या देशांतले. पण त्यांच्या मुळाशीं समजूत एकच. हा रोग बाहेरून येतो, अकस्मात् येतो, आणि जो त्याच्या वाटेंत सांपडला तो सांपडला. या एका समजुतीनें मनुष्याचे हात दोन हजार वर्षें बांधून ठेविले होते असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यांचें निरीक्षण मात्र बारीक होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींना वाहिलेला आहे. त्यांत पक्षवध, म्हणजे शरीराची एक बाजू मारली जाणें, आणि अर्दित, म्हणजे तोंड वांकडें होणें, यांचीं वर्णनें आहेत. सुश्रुतानें तर पक्षाघाताचे प्रकार पाडून त्यांतील कांहीं साध्य, कांहीं महत्प्रयासानें साध्य, आणि कांहीं असाध्य, असा भेद सांगितला. ग्रीसमध्यें हिपोक्रेटिसच्या परंपरेंतील वैद्यांना आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली होती. डोक्याच्या एका बाजूस जखम झाली, तर झटके शरीराच्या दुसऱ्या बाजूस येतात. डोळ्यांना दिसण्यासारखें जें जें होतें, तें या लोकांनीं पाहिलें. पण कवटीच्या आंत काय घडतें, हें मृत्यूनंतर कवटी उघडल्यावांचून कळणार कसें?

तें काम स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या लहानशा नगरांतल्या योहान याकोब वेप्फर नांवाच्या वैद्यानें केलें. झटक्यानें मेलेल्या माणसांचे मेंदू त्यानें उघडून पाहिले आणि १६५८ सालीं, म्हणजे शिवाजी महाराज कोंकण किनाऱ्यावर आपलें राज्य वाढवीत होते त्या काळांत, त्याचा ग्रंथ बाहेर पडला. मेंदूंत रक्तस्राव होतो आणि त्यामुळें मनुष्य कोसळतो, हें त्यानें दाखवून दिलें. आणि मेंदूकडे जाणारें रक्त अडलें तरीही असेंच व्हावें, असाही तर्क त्यानें मांडला. पुढें सहा वर्षांनीं, १६६४ सालीं, इंग्लंडमधील टॉमस विलिस यानें मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिन्यांचें जें कडें असतें त्याचें वर्णन केलें. एक वाहिनी बंद पडली तर कधीं कधीं दुसरीकडून रक्त पोहोंचावें, अशी ती निसर्गाची योजना. आमच्या मुंबईंत पाण्याचा एक मुख्य नळ फुटला असतां दुसऱ्या बाजूनें पाणी वळवितात, तसाच हा प्रकार. १७६१ सालीं इटलींतील पादुआ येथील मोर्गान्यी यानें, मेंदूच्या ज्या बाजूस बिघाड असतो त्याच्या उलट बाजूचें अंग लुळें पडतें, हें शवपरीक्षेनें निश्चित केलें. जोतीरावांचें उजवें अंग गेलें, तेव्हां इजा मेंदूच्या डाव्या भागाला झाली होती, असा निष्कर्ष आज आपण मोर्गान्यीच्या आधारें काढतों. फ्रान्समध्यें पॉल ब्रोका यानें १८६५ सालीं वाणीचें केंद्र बहुधा मेंदूच्या याच डाव्या भागांत असतें असें दाखविलें. उजवें अंग गेलेल्या पुष्कळ माणसांची वाचाही जाते, तें यामुळेंच. जोतीरावांचा हात गेला, पण शब्द राहिले, हें महाराष्ट्राचें भाग्य म्हणावयाचें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतील रुडोल्फ फिरखोव यानें उरलेलें कोडें पुष्कळसें उलगडलें. रक्त वाहिनींतच गोठून गुठळी होते, किंवा दुसरीकडे झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत येऊन अरुंद जागीं अडकते, हा व्यापार त्यानें समजावून दिला. तेव्हां डॉ. घोल्यांच्या काळीं हें ज्ञान झालेलें होतें, कीं अर्धांगवायू हा वाऱ्याचा रोग नसून मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा रोग आहे. वाहिनी चोंदते किंवा फुटते. परंतु झटका येण्याआधीं तो येणार हें ओळखण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. जिवंत माणसाच्या मेंदूंत वाहिनी चोंदली आहे कीं फुटली आहे हें पाहण्याचें साधन नव्हतें. आणि दोहोंवरही औषध नव्हतें. पाठीशीं ज्ञान असूनही हात रिकामे, अशी त्या काळच्या उत्तम वैद्याची स्थिति होती.

त्याच काळांतलें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. सूक्ष्म जंतूंचा महान् शोधक लुई पाश्चर हा ता. १९ ऑक्टोबर १८६८ रोजीं सकाळीं उठला तेव्हां त्याच्या डाव्या अंगाला मुंग्या येत होत्या. वय अवघें पंचेचाळीस. तरीही ठरल्याप्रमाणें तो विद्वत्परिषदेंत निबंध वाचावयास गेला, आणि त्याच रात्रीं त्याची डावी बाजू लुळी पडली. वैद्यांनीं त्याच्या कानांमागें जळवा लावल्या. त्या काळीं तेवढाच उपाय होता. पाश्चर वांचला. डावा हात व पाय जन्मभर अधू राहिले; पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यानें १८८५ सालीं प्रथम एका मुलाला दिली, ती या दुखण्यानंतर सतरा वर्षांनीं. या कथेंतून दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. झटका पुष्कळदां आगाऊ सूचना देऊन येतो. आणि झटका आला म्हणजे आयुष्य संपलें, असें मुळींच नाहीं.

यापुढील मोठें पाऊल इटलींतील ट्युरिन शहरांत पडलें. १८९६ सालीं शिपिओने रिवा-रोच्ची यानें दंडाभोंवतीं रबराची पट्टी फुगवून रक्ताचा दाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र बनविलें. १९०५ सालीं रशियांतील निकोलाय कोरोत्कोव या तरुण शस्त्रवैद्यानें त्या पट्टीखालीं नळी लावून धमनीचे ठोके ऐकण्याची रीत काढली, आणि वरचा व खालचा असे दोन दाब मोजतां येऊं लागले. जोतीरावांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं यंत्र आलें! त्यांचा रक्तदाब किती होता, हें इतिहासाला म्हणूनच कधींही कळणार नाहीं.

यंत्र आलें, आंकडा दिसूं लागला. पण आंकड्याचा अर्थ लागावयास आणखी अर्धें शतक गेलें. वय वाढेल तसा दाब वाढणें शरीराला आवश्यकच आहे, कडक झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढें ढकलण्यासाठीं तो हवाच, असें त्या काळच्या कित्येक मोठ्या डॉक्टरांचें मत होतें. या मताची किंमत जगाला कळली ती ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया प्रांतांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें विश्रांतीसाठीं राहिले होते. डोक्यांत भयंकर कळ आल्याचें सांगून ते कोसळले आणि कांहीं तासांतच मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. त्यांचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. ब्रून यांनीं पुढें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या टिपणांत त्या दिवशींचा दाब ३०० व १९० असा नोंदलेला आहे. मार्च १९४४ मध्येंच तो १८६ व १०८ होता. म्हणजे एक वर्षाहून अधिक काळ शत्रु दाराशीं बसला होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाभोंवतीं वैद्यांचा ताफा होता, आणि तरीही त्याला हुसकावून लावील असें सोयीस्कर औषध त्यांच्या पेटींत नव्हतें. वय अवघें त्रेसष्ट.

श्रोतेहो, यानंतरचें प्रकरण आपल्या मुंबईचें आहे, आणि तें आपल्या शहरांतील थोड्याच लोकांना ठाऊक असावें याचें मला नेहमीं आश्चर्य वाटतें. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या देशांत शेंकडों वर्षें उन्माद, निद्रानाश, सर्पदंश यांवर वापरली जात आली. १९३१ सालीं बंगालमधील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं ती रक्तदाबावरही गुणकारी असल्याचें लिहिलें. परंतु ‘गुण येतो’ असें म्हणणें निराळें आणि तें मोजून दाखविणें निराळें. तें काम मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं केलें. पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन त्यांचे दाब पद्धतशीर मोजून त्यांनीं आपला निबंध इंग्लंडमधील हृद्रोगविषयक मासिकांत १९४९ सालीं प्रसिद्ध केला. त्या निबंधानें पश्चिमेकडील शास्त्रज्ञांचे डोळे उघडले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेंतील मानाचें लास्कर पारितोषिक मिळालें.

आतां या धाग्याचें दुसरें टोंक पाहा. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून एक काटेकोर परीक्षा घेण्यांत आली. तिचा निकाल १९७० सालीं प्रसिद्ध झाला. खालचा दाब ९० ते ११४ असलेले ३८० पुरुष निवडून त्यांतील सुमारें निम्म्यांना खरें औषध आणि उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी दिली. औषधांत तीन द्रव्यें होतीं, आणि त्यांपैकीं एक आपल्या सर्पगंधेचें रिसर्पिन. गोळी पोकळ होती त्या गटांत वीस जणांना झटका आला. औषध घेणाऱ्यांत अवघ्या पांच जणांना. वीस आणि पांच! दाब उतरविला तर अर्धांगवायू टळतो, हें या दोन आंकड्यांनीं सिद्ध केलें. ‘बाहेरून येणारें वारें’ ही दोन हजार वर्षांची समजूत त्या दिवशीं खऱ्या अर्थानें मोडली. एक इशारा मात्र देऊन ठेवतों. रिसर्पिननें मन खिन्न होणें वगैरे दोष होतात म्हणून तें आज मागें पडलें असून त्याहून निर्धोक औषधें आलीं आहेत. तेव्हां हा इतिहास ऐकून कोणीं सर्पगंधेची मुळी आपल्या मनानें घेऊं नये.

रोग टळतो हें कळलें. पण आपल्याकडे तो आहे तरी किती? याचीही मोजदाद मुंबईंत झालेली आहे. १९८५ सालीं डॉ. भरुचा व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंतील पारशी वसाहतींत घरोघर फिरून १४,०१० लोकांची पाहणी केली. पुढें डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनीं २००५ व २००६ या दोन वर्षांत महानगरपालिकेच्या एच विभागांत, म्हणजे वांद्रे, खार, सांताक्रूझ या बाजूस, दीड लाखांहून अधिक कायम रहिवाशांमध्यें किती जणांना प्रथमच झटका आला याची नोंद केली. आमच्या मालाडहून लोकल गाडीनें पांच-सात स्टेशनांवरचा हा भाग. तेव्हां हे आंकडे आपल्याच घरचे समजावेत. दर लाख रहिवाशांमागें वर्षाला १४५ जणांना पहिला झटका आला. शाळेंतला त्रैराशिकाचा हिशेब करा: एक लाख वस्ती असेल तर दर अडीच दिवसांनीं एक घर. त्यांपैकीं शेंकडा ८० जणांची वाहिनी चोंदली होती आणि शेंकडा १८ जणांची फुटली होती. झटका आलेल्या दर दहांतील तिघे अठ्ठावीस दिवसांच्या आंत दगावले. हे आंकडे भय दाखविण्यासाठीं मी सांगत नाहीं. ज्या रोगास आपण अपवाद समजतों तो आपल्या शेजारचा नित्याचा पाहुणा आहे, एवढें ध्यानांत यावें म्हणून सांगतों.

डॉ. घोल्यांजवळ जीं साधनें नव्हतीं त्यांतील दुसरें १९७१ सालीं हातीं आलें. त्या वर्षीं लंडनजवळच्या एका रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचें आडव्या छेदाचें चित्र निघालें. आज आपण ज्याला सी.टी. स्कॅन म्हणतों तें हेंच. वाहिनी फुटली कीं चोंदली, हें आतां कवटी न उघडतां कांहीं मिनिटांत कळतें. तिसरें साधन १९९५ सालीं आलें. गुठळी विरघळविणारें औषध झटका आल्यापासून तीन तासांच्या आंत शिरेंतून दिलें तर कित्येक रोगी पुन्हां आपल्या पायांवर उभे राहतात, असें अमेरिकेंतील परीक्षेनें दाखविलें. २००८ सालच्या युरोपांतील परीक्षेनें ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी वाहिनी चोंदली असेल तर मांडींतून किंवा मनगटांतून बारीक तार मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याची क्रिया २०१५ सालीं सर्वमान्य झाली. निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते. पण मुदत कितीही असो, धांव काळाशीं आहे. मोठी वाहिनी बंद असतां दर मिनिटास सुमारें एकोणीस लाख मेंदुपेशी मरतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आणि येथेंच आपलें दुर्दैव आहे. ज्ञान एकविसाव्या शतकाचें आणि घरांतील वागणें सतराव्या शतकापूर्वींचें! आमच्या आळींतील एका गृहस्थांना सकाळीं चहाचा पेला धरवेना. ‘हात अवघडला असेल,’ असें म्हणून घरच्यांनीं तेल चोळलें. दुपारीं शब्द अडखळूं लागले तेव्हां ‘झोंप नीट झाली नाहीं’ असें ठरलें. एका नातलगानें पारव्याच्या रक्ताचा उपाय सुचविला. आणि दिवेलागणीला दवाखाना गांठला तेव्हां डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला, ‘सुरुवात किती वाजतां झाली?’ त्या प्रश्नाच्या उत्तरांतच सारें संपलें होतें. घरांत माया होती, पैसा होता, जवळच उपचार होते. फक्त वेळ गेली होती. वेप्फरनें १६५८ सालीं जी गोष्ट सांगितली, कीं दुखणें हातांत नसून मेंदूंत आहे, ती त्या घरापर्यंत साडेतीनशें वर्षांत पोहोंचली नव्हती.

म्हणून लक्षणें पाठ करावीं. मुलांना पाढे पाठ करवितों त्याप्रमाणें घरांतील सर्वांकडून करवून घ्यावीं. चेहरा, हात, वाणी आणि वेळ, हे चार शब्द पुरेत. हंसावयास सांगितलें असतां तोंड एका बाजूस वांकडें होतें काय? दोनही हात समोर धरावयास सांगितले असतां एक खालीं घसरतो काय? साधें वाक्य बोलतांना जीभ अडखळते, किंवा शब्द भलतेच येतात काय? यांतील एकही गोष्ट अकस्मात् दिसली तर चौथा शब्द, वेळ. घड्याळ पाहून, मनुष्य अगदीं ठीक असल्याचें अखेरचें केव्हां पाहिलें होतें तें लिहून ठेवावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जें वाहन मिळेल त्यानें निघावें. एका डोळ्यानें एकाएकीं दिसेनासें होणें, तोल जाणें, पूर्वीं कधीं झाली नव्हती अशी डोक्यांत कळ येणें, हींही त्याच जातीचीं लक्षणें होत. रोग्याला पाणी, औषध, कांहींही पाजूं नये. गिळण्याची शक्ति गेलेली असली तर तें फुप्फुसांत जातें. रक्त पातळ करणारी गोळीही घरीं देऊं नये. चित्र काढल्यावांचून वाहिनी चोंदली कीं फुटली हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं, आणि फुटलेली असली तर ती गोळी घात करील. संध्याकाळच्या वेळीं स्वामी विवेकानंद मार्गावर किंवा लिंक रोडवर अर्धा तास सहज मोडतो, हें आम्हां मालाडकरांना ठाऊकच आहे. म्हणून रात्रंदिवस स्कॅन करणारें आणि गुठळीचें औषध देणारें रुग्णालय आपल्या घरापासून कोणतें, याची चौकशी आजच, सर्व धडधाकट असतांना, करून ठेवावी.

लक्षणें दिसलीं आणि दहा-वीस मिनिटांत आपोआप गेलीं, तर देवाचे आभार मानून स्वस्थ बसूं नये. पाश्चरच्या सकाळच्या मुंग्यांची आठवण ठेवावी. अशा क्षणिक झटक्यानंतर दर दहांतील सुमारें एकाला तीन महिन्यांच्या आंत खरा झटका येतो, आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच येतो, असें अमेरिकेंतील एका पाहणींत आढळलें. हें देहानें पाठविलेलें पत्र होय; तें न वाचतां फाडूं नये.

राहतां राहिला प्रतिबंध. २०१० सालीं बावीस देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणींत, दहा कारणें जमेस धरलीं तर दर दहांतील नऊ झटक्यांचा उगम त्यांत सांपडतो असें दिसून आलें. आणि त्या दहांत सर्वांत वरचढ कारण रक्तदाब. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं; मोजल्यावांचून कळत नाहीं. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी दाब मोजावा. १४० व ९० या रेषेवर तो वारंवार दिसला तर डॉक्टरांचें ऐकावें. दाब उतरला म्हणून गोळी बंद करणें, ही सुशिक्षित घरांतलीही नित्याची चूक आहे. गोळी चालू आहे म्हणून तो उतरलेला असतो. तंबाखू, मग ती विडींत असो, तपकिरींत असो कीं मिश्रींत असो, पूर्णपणें सोडावी. मधुमेह ताब्यांत ठेवावा. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहावी. ठोके वेडेवांकडे पडत असतील तर हृदयांत गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. आठवड्याला दीडशें मिनिटें झपझप चालावें. आणि मीठ! जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला पांच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, एवढीच मर्यादा सांगितली आहे. आमच्या ताटांतील लोणचें, पापड, फरसाण, आणि मढ-मार्व्याची सुकी मासळी यांचा हिशेब केला तर ती मर्यादा न्याहारीलाच ओलांडली जाते.

झटक्यांतून वांचलेल्या माणसाविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाहीं हें खरें. पण उरलेला भाग शिकूं शकतो. व्यायाम, वाणीचा सराव, रोजच्या कामांचा पुन्हां अभ्यास, हीं लौकर सुरू झालीं तर गेलेलें पुष्कळ परत मिळतें. अशा माणसाला खाटेवर ठेवून त्याची कींव करणें ही सेवा नव्हे. जोतीरावांच्या घरांत त्यांच्या डाव्या हाताला लेखणी मिळाली. ती मिळाली नसती तर आपल्या वाङ्मयांतील एक ग्रंथ जन्मलाच नसता.

श्रोतेहो, या रोगाच्या ज्ञानाची वाटचाल चार पावलांची आहे. तो कोठें आहे हें सतराव्या शतकांत कळलें. तो काय आहे हें एकोणिसाव्या शतकांत. कां होतो व कसा टळतो हें विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. आणि आलेला झटका परतविणें हें तर आपल्या डोळ्यांदेखत साधलें. यांतील एका पावलावर मुंबईच्या एका डॉक्टराचें नांव कोरलेलें आहे. आतां प्रत्येकानें स्वतःला एवढेंच विचारावें, कीं या चार पावलांपैकीं माझें घर कितव्या पावलावर उभें आहे? जोतीरावांना जें मिळणें शक्य नव्हतें, रूझवेल्टना सर्व वैभव असून जें मिळालें नाहीं, तें आज साध्या बिऱ्हाडालाही मिळूं शकतें. परंतु दाब मोजणारी पट्टी दंडाला बांधून घेण्याची आणि घड्याळाकडे वेळेवर पाहण्याची तसदी आपली आपणच घेतली पाहिजे.